एकही गर तुटला नाही

पुस्तक संपलं तेव्हा शेडमध्ये एकही गर तुटला नव्हता.

शेवटची ओळ वाचून मालन रेडेकरनं चष्मा कपाळावर चढवला आणि समोर पाहिलं. दोन रांगांत बसलेल्या बायका खाली मान घालून काजू सोलत होत्या. कुणाचं बोट थांबलं नव्हतं, कुणी पदर तोंडाला लावला नव्हता. परातीत पांढरे अख्खे गर एकामागून एक पडत होते.

"झालं?" शेजारच्या रुक्सानानं विचारलं.

"झालं."

"म्हंजे आजचं झालं का पुस्तकच झालं?"

"पुस्तकच. पुढं कोरं पान हाय."

रुक्सानानं हातातला गर परातीत टाकला. "एवढंच?"

आजऱ्याहून आंबोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर देसायांचा काजू कारखाना आहे. बी भाजायचं आणि कवच फोडायचं काम तिथं यंत्रं करतात. पण गराला चिकटलेली पातळ तांबूस साल काढायला अजून माणसाचंच बोट लागतं. मालकांनी नाना तऱ्हेची यंत्रं आणून पाहिली. ती एकतर साल ठेवतात, नाहीतर गर फोडतात. अख्ख्या गराला मान, तुटला की तो तुकड्यात जातो. म्हणून सोलायची शेड यंत्रांपासून लांब, शांत ठेवलेली. आणि शांत आहे म्हणून तिथं फार वर्षांची एक रीत: एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी सोलत ऐकायचं, आणि वाचणारीची टोपली सगळ्यांनी आपल्यातली मूठमूठ टाकून भरायची.

वाचणारी मालन. तिला अक्षर उशिरा आलं, तिशी उलटल्यावर, याच शेडमध्ये दुपारी चालणाऱ्या वर्गात. ती सावकाश वाचायची, ओळीखाली बोट धरून. पुढच्या शब्दात काय वाढून ठेवलंय ते तिलाही ठाऊक नसायचं, आणि ते न ठाऊक असणं तिच्या आवाजात ऐकू यायचं.

उल्का हणबर या बाईंची पाच पुस्तकांची मालिका शेडनं अशीच ऐकली होती. एक बंद शहर. दिवसाला सहा भोंगे होतात: उठायचा, पाण्याचा, कामाचा, जेवणाचा, परतायचा, झोपायचा. पण कधीतरी, कुणालाही न सांगता, सातवा होतो. तो वाजला तेव्हा ज्या घराला आतून कडी नसेल त्या घरातली माणसं सकाळी नसतात. तो कोण वाजवतं ते कुणाला माहीत नाही. त्या शहरात रतन नावाची पोर आपल्या धाकट्या बहिणीला, बकुळला, घेऊन राहते आणि सातव्या भोंग्याचा माग काढते. दुसऱ्या पुस्तकात कडी गंजून अडकली त्या दिवशी दचकलेल्या बोटांखाली शेडमध्ये इतका तुकडा पडला होता की सदू मुकादम धावत आला होता. "बायानो, भुताटकीचं वाचताय का काय? आज काय मालकाला भुगा दाखवू?"

पाचव्या पुस्तकाची सगळ्यांनी तीन वर्षं वाट पाहिली होती.

"रतन बाहेर गेली, दार ओढून घेतलं, बकुळ आत ऱ्हायली. संपलं," रुक्साना म्हणाली. "चार पुस्तकं जिवाला घोर लावला आणि पाचवं जेवून हात धुतल्यागत संपवलं बाईनं."

"थकली असंल लिहून," पलीकडून शांताक्का म्हणाली.

"थकली तर लिहू नये. आम्ही थकलो तर अर्धी साल ठेवतो का गराला?"

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि सगळ्या डबे घेऊन उठल्या. सदू मुकादम पराती बघून खूश झाला. "असलंच पुस्तक आणत जा, मालनअक्का," तो म्हणाला. "एकदम अख्खा माल."

मालन जागेवरच बसून राहिली. रतन बाहेर गेली होती, बकुळ एकटी पडली होती. तिला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेना, आणि ते वाटत नाही याचीही काही काळजी वाटेना. उजव्या कानामागं तेवढ्या बारीक मुंग्या आल्या आणि गेल्या.

*

कानामागं पट्टी होती. नखाएवढी, कातडीच्या रंगाची.

मालनला धास्तीचे झटके यायचे. नवरा गेल्यापासून सुरू झाले ते वाढतच गेले. कारण काही नसायचं. पाणी भरताना, भाकरी थापताना एकदम छातीत घोडं सुटायचं, हातपाय गार पडायचे, जागचं हलता यायचं नाही. मग तो चैत्रातला दिवस आला. नात मनवा, चार वर्षांची, हिचा हात धरून ती रस्ता ओलांडत होती. मधोमध आल्यावर झटका आला. ती उभीच राहिली. घाटाकडून ट्रक येत होता. मनवा हात ओढत होती आणि मालनची बोटं तिच्या मनगटावर आवळलेली, सुटत नव्हती. ड्रायव्हरनं गाडी कशीबशी कडेला घातली.

लेक ईश्वरी समोरच्या थांब्यावर उभी होती. तिनं ते सगळं पाहिलं.

ईश्वरी गडहिंग्लजच्या दवाखान्यात यंत्रांचं काम बघते. दुसऱ्याच आठवड्यात ती पट्टी घेऊन आली आणि तिनं आईला समोर बसवून समजावलं.

"मेंदूतून एक लांब नस निघते, आई. मानेतून खाली छातीत जाते, पोटात जाते. तिचा एक फाटा कानापाशी कातडीला येऊन भिडतो. आपण म्हणतो, भीती वाटली म्हणून काळीज धावलं. पुष्कळदा होतं उलटं. आधी काळीज धावतं, ती खबर या नसेतून वर जाते, आणि मग मेंदू म्हणतो, अरे, मी घाबरलोय. मग काळीज आणखी धावतं. असं चक्र सुरू होतं. ही पट्टी काळजाची धाव तुला कळायच्या आधी ओळखते आणि कानापाशीच नसेला बारीक टिचकी देते. नस काळजाला सांगते, सावकाश. खबर वर जातच नाही."

"म्हंजे भ्यायचं ऱ्हाऊनच जातं?"

"राहूनच जातं."

पट्टी फक्त पारखून बघायला होती. ती मानवली तर पुढं मानेत एक यंत्र बसवायचं, हरभऱ्याएवढं. गावात त्याला हरभराच म्हणायचे. तो एकदा बसला की पुन्हा बंद करता येत नाही. माणूस झटक्याच्या भरात काहीतरी करून बसेल म्हणून तो तसाच बनवलेला. तालुक्याला त्याचं शिबिर व्हायचं होतं. शिबिर झालं की पट्ट्या परत घेणार. आणि पुढचं शिबिर कधी, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

पट्टी मानवली. मालन शांत झोपू लागली. ईश्वरीनं मनवाला पुन्हा तिच्याजवळ ठेवायला सुरुवात केली. पाचवं पुस्तक आलं ते या दिवसांत.

त्या संध्याकाळी मालन लेकीला म्हणाली, "पुस्तक काय जमलं न्हाई बघ."

"असं कसं? लोकांना तर ते वाचून झोप लागेना म्हणे. आमच्याकडची एक नर्स दोन दिवस दाराची कडी तपासत फिरत होती."

"जाहिरात असंल," मालन म्हणाली.

*

हणबरबाई दुसऱ्या पुस्तकानंतर एकदा शेडमध्ये येऊन गेल्या होत्या. खाली सतरंजीवर बसून त्यांनी आपलंच पुस्तक मालनच्या तोंडून ऐकलं, आणि जाताना निपाणीचा पत्ता देऊन म्हणाल्या, "कधी भांडावंसं वाटलं तर या."

"मग जाऊ या की," रुक्साना म्हणाली. "बोलावलंय तिनंच."

सुट्टीच्या दिवशी दोघी निघाल्या. विजेची एसटी आवाज न करता चालली होती. उताराला समोरून डंपर आला, गाडी कडेला इतकी सरकली की खिडकीतून नुसती दरी दिसली. रुक्सानानं पुढचा दांडा धरला आणि डोळे मिटले. मालन दरीकडं बघत राहिली. कानामागं मुंग्या आल्या. खाली करवंदाच्या जाळ्या दाट होत्या.

"तुला कायच वाटलं न्हाई?" रुक्सानानं नंतर विचारलं.

"काय वाटायचं? गेली की गाडी नीट."

रुक्साना तिच्याकडं जरा वेळ बघत राहिली.

हणबरबाई एका तंबाखूच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. दार उघडायच्या आधी आतून तीन कड्या काढल्याचे आवाज आले. बाई वाळल्या होत्या, डोळ्यांखाली काळं होतं. दोघींना आत घेऊन त्यांनी तिन्ही कड्या परत लावल्या, चहा टाकला, पुन्हा येऊन मधली कडी ओढून पाहिली.

"भांडायला आलाय ना?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. इकडं लोक नुसतं छान म्हणतात नाहीतर नुसतं वाईट म्हणतात. भांडत कुणी नाही."

"भांडायला बी काय हाती लागंना," रुक्साना म्हणाली. "राग मानू नका, बाई. पण शेवट लईच पचपचीत झालाय. कुणाला कायच वाटलं न्हाई. चाळीस बायका, एकीचा गर तुटला न्हाई."

उल्काबाईंना गर तुटण्याचा अर्थ माहीत होता. कपात चहा ओतता ओतता त्या थांबल्या. "एकीचाही नाही?"

"एकीचा बी न्हाई."

"वाचून दाखवा मला," त्या मालनला म्हणाल्या. "शेवटची दोन पानं. तिथं जसं वाचलं तसं."

मालननं पुस्तक काढलं, चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं. रतन अंधारात कडीपाशी उभी. सातवा भोंगा सुरू झालेला, थांबत नसलेला. बकुळ विचारते, कुठं चाललीस. रतन सांगते, इथंच, दाराबाहेर. मालननं एकही शब्द चुकवला नाही. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

उल्काबाईंचा चेहरा उतरला होता.

"मी असं लिहिलंय?" त्या हळूच म्हणाल्या. हातांना काय करावं ते कळेना म्हणून त्यांनी पदराचं टोक पिळायला घेतलं. "शब्द तर माझेच आहेत. पण हे बाजारभाव सांगितल्यासारखं वाटतंय. म्हणजे मलाच लिहिताना..." त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि तेच पान स्वतः वाचू लागल्या.

त्यांना नीट वाचता येत नव्हतं. श्वास मध्येच तुटत होता. 'इथंच, दाराबाहेर' या ठिकाणी आवाज बसला आणि त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. मालन ऐकत होती. तेच शब्द होते. खालच्या दुकानातून तंबाखूचा वास येत होता, चहावर साय धरली होती. कानामागं मुंग्या येऊन गेल्या, लगेच पुन्हा आल्या.

मग तिचा दंड दुखायला लागला म्हणून तिनं बाजूला पाहिलं. रुक्सानानं तिचा दंड दोन्ही हातांनी आवळून धरला होता. रुक्साना रडत होती. नवऱ्याच्या मयतीत जिनं डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, ती बाई तोंडावर ओढणी दाबून रडत होती.

आणि मालनला कळत नव्हतं, ही का रडतेय.

वाचून झालं. उल्काबाई उठल्या, कडी पाहून आल्या, आणि मालनच्या मागं उभ्या राहून त्यांनी तिच्या कानाकडं पाहिलं.

"हे कधीपासून?"

"पुस्तक यायच्या थोडं आधी."

बाई समोर येऊन बसल्या. "मलाही सांगितलंय हे बसवायला. मी रोज रात्री हो म्हणते आणि सकाळी नाही म्हणते."

"मग काढू म्हणताय का मी?"

"नाही," उल्काबाई चटकन म्हणाल्या. "ते मी म्हणणार नाही. माझ्या पुस्तकापायी कुणी आपली झोप घालवू नये. ही धास्ती काय असते ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. यांना नाही माहीत." त्यांनी रुक्सानाकडं मान हलवली.

रुक्सानानं ओढणीनं नाक पुसलं. "मला एकच म्हायती हाय, बाई. शेवट तुम्ही तरी बी वाईटच केलाय. लहान पोर अशी टाकून कोण जातं?"

उल्काबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

*

"ईश्वरी, ह्या पट्टीनं आवाज बदलतो?"

ईश्वरी मनवाला दहीभात भरवत होती. तिचा हात थांबला. "किंचित. त्याच नसेचा एक फाटा घशात स्वरयंत्राला जातो. आणि दुसरं, काळजाची खबर वर गेली नाही की आवाजाला कापरं भरत नाही. पण बोलण्यात फरक पडत नाही, आई. फक्त गाणाऱ्यांना आधी विचारायचं असतं. तू कुठं गातेस?"

"मी वाचते."

मनवानं तोंड उघडून घासाची वाट पाहिली.

"हरभरा बसला की कायमचंच का हे?"

"कायमचं." ईश्वरीनं घास भरवला. "आई, एका गोष्टीच्या पुस्तकासाठी तू..."

"पुस्तकासाठी न्हाई. रुक्साना माझ्या शेजारी रडत होती, आणि मी तिच्याकडं दगडागत बघत होते. उद्या ही रडली तर?" मालननं नातीकडं बोट केलं. "मला कळायला तर पायजे का रडती ती."

"आणि त्या दिवशी रस्त्यात ती रडत होती तेव्हा कळलं होतं तुला?"

हे ईश्वरीला बोलायचं नव्हतं, पण ते बोलून झालं होतं. तिनं ताटली खाली ठेवली. "मी पलीकडून ओरडत होते, आई. तुला ऐकू येत नव्हतं. मला अजून तो ट्रक दिसतो. हरभरा बसव, मनवा तुझीच आहे. नाही बसवलास, तर मी तिला तुझ्याजवळ एकटी सोडणार नाही. पाळणाघरात घालीन. राग धरू नकोस माझ्यावर."

मालनला राग आला नाही. तो येऊ पाहत होता असं तिला कुठंतरी वाटलं, आणि मग कानामागं मुंग्या आल्या.

*

शेडमध्ये रुक्सानानं सगळं आधीच सांगून टाकलं होतं. शिबिर दुसऱ्या दिवशी होतं. मालन जागेवर बसली तेव्हा सगळ्या तिच्याकडं बघत होत्या.

"शेवटचा भाग पुन्हा वाचते," मालन म्हणाली. "पट्टी काढून. एकदाच. मग काय ते ठरवीन."

"आणि झटका आला तर?" शांताक्कानं विचारलं.

पट्टी काढल्यावर पहिले झटके जोराचे येतात, अडवलेलं पाणी सुटावं तसे, हे ईश्वरीनं सांगितलेलं मालनला ठाऊक होतं.

रुक्सानानं काजूचा चीक लागू नये म्हणून राख लावलेले हात पुसले आणि ती सरकून मालनच्या अंगाला अंग लावून बसली. "तुझी टोपली आम्ही भरतोच की," ती म्हणाली. "हे बी थोडं थोडं वाटून घेऊ. आण हात."

तिनं मालनचं डावं मनगट नाडीवर बोटं ठेवून धरलं. मालननं उजव्या हातानं कानामागची पट्टी सोलून काढली आणि पुस्तकाच्या वेष्टनावर चिकटवून ठेवली.

आधी काहीच झालं नाही. तिनं वाचायला सुरुवात केली. अर्ध्या पानावर हात गार पडले. मग पोटातून ती ओळखीची कळ वर चढली आणि छातीत घोडं सुटलं. अक्षरं हलू लागली. शेडचं छप्पर खाली आल्यासारखं वाटलं. उठावं, पळावं, दार कुठंय, एवढंच डोक्यात राहिलं.

"धावतंय," रुक्साना कानाशी म्हणाली. "लई धावतंय. पण मी हाय. वाच."

मालननं ओळीखाली बोट दाबून धरलं. रतन कडीपाशी उभी होती, आणि आता मालनला त्या कडीचा गारवा लागत होता. सातवा भोंगा थांबत नव्हता. रतनला कळून चुकलं होतं की सातवा भोंगा सुरू झाला की कुणाला तरी बाहेर जावं लागतं, मगच तो थांबतो, आणि आजवर प्रत्येक वेळी कुणीतरी आपण होऊन गेलेलं आहे. कडी लावायची विसरलेली घरं नव्हतीच ती. हे पहिल्या वेळी मालननं वाचलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि कुणाच्याही ध्यानात शिरलं नव्हतं.

"'कुठं चाललीस?' बकुळनं विचारलं," मालननं वाचलं. तिचा आवाज चिरला. तिला रस्त्याच्या मधोमध आपण धरलेलं ते लहान मनगट आठवलं, ओढ घेणारं. "'इथंच,' रतन म्हणाली. 'दाराबाहेर.'"

शेडमध्ये कट् असा आवाज झाला. मग आणखी एक. शांताक्काच्या परातीत गर दुभंगून पडला. दुसऱ्या रांगेत कुणाच्या तरी मुठीत तीन-चार एकदम चुरडले. मग दोन्ही रांगांतून तोच आवाज येत राहिला.

"रतननं दार बाहेरून ओढून घेतलं. भोंगा थांबला. आत बकुळनं अंधारात हात वर केला आणि तो कडीवर ठेवला."

पुढं कोरं पान होतं.

आणि तेव्हाच सुट्टीचा भोंगा झाला. चाळीस बायका बसल्या जागी दचकल्या. शांताक्काची परात उलटी झाली. कुणी डब्याला हात लावला नाही. भोंगा वाजून वाजून थांबला तरी कुणी उठलं नाही.

पहिली शांताक्काच बोलली. "आणि बकुळ? तिनं कडी लावली का काढली?"

"न्हाई लिवलंय."

"न्हाई कसं लिवलंय? आणि भोंगा कोण वाजवतं?"

"ते बी न्हाई."

"पाच पुस्तकं!" दुसऱ्या रांगेतली एकजण उठून उभीच राहिली. "पाच पुस्तकं ऐकली आम्ही. फसवलं की गं बाईनं."

"फसवलं कशाला? रतन गेली म्हणून तर थांबला भोंगा."

"अगं, पण उद्या पुन्हा वाजंल की. मग त्या पोरीनं एकटीनं काय करायचं?"

आवाज चढत गेले. मालनलाही शेवट पटला नव्हता. या घटकेला हणबरबाई समोर असत्या तर तिनं त्यांना खडसावून विचारलं असतं. तिचा श्वास अजून आखूड होता, आणि बाईंचा असा राग तिला कधी आला नव्हता.

सदू मुकादम धावत आला. पराती बघून त्यानं कपाळाला हात लावला. "मेलो मी. कुणी वाचलं हे पुन्हा?"

"चिक्कीवाल्याला घाला," रुक्साना त्याच्याकडं न बघता म्हणाली. तिनं मनगट सोडलं नव्हतं.

मालनची नजर दाराकडं गेली. ईश्वरी उभी होती. शिबिराआधीच्या तपासणीला आईला घेऊन जायला ती आली होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिचा एक हात दाराच्या कडीवर होता.

"आई," ती म्हणाली, "बकुळनं कडी काढली असेल ना गं?" मग तिला भान आलं. तिनं पुस्तकावर चिकटवलेली पट्टी पाहिली, आईच्या मनगटावरची रुक्सानाची बोटं पाहिली. "तुला झटका आलाय."

"आलाय. अजून हाय."

"उद्याचं काय मग?"

मालननं पुस्तक मिटलं. "मी न्हाई येत उद्या. तू मनवाला पाळणाघरात घाल, बाळा. तुझं बरोबरच हाय. मी एकटी तिला घेऊन रस्त्याला जाणार न्हाई. तू असशील तेव्हा मी येत जाईन." शेवटच्या शब्दांना तिचा आवाज कापला, खाली गेला आणि मोडला.

आईचा हा आवाज ईश्वरीनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. ती आत आली, चपला कडेला काढल्या आणि मालनच्या दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बसली. जरा वेळानं तिनं आईचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता.

"किती चाललेत ठोके?" तिनं रुक्सानाला विचारलं.

"मोजत न्हाई मी," रुक्साना म्हणाली. "नुसतं धरून बसले."

भांडण थांबलं नव्हतं. पण जेवायला उठायच्या आधी रीतीप्रमाणं एकेक बाई वाचणारीच्या टोपलीपाशी येऊ लागली. शांताक्का आली, दुसऱ्या रांगेतली उभी राहिलेली आली, हणबरबाईला नावं ठेवत ठेवत सगळ्या आल्या. मूठमूठ करून मालनची टोपली भरली. त्यात एकही गर अख्खा नव्हता.